गुलाबी थंडीतलं गुलाबी पाणी

व्हॅनलाइफच्या रील्समध्ये सरोवर दिसतं, सूर्योदय दिसतो, वाफाळती कॉफी दिसते. ऑक्टोबरच्या एका रविवारी त्याच गाडीखाली पाठीवर झोपून ड्रेनचं झाकण शोधणारा माणूस मात्र कुणी दाखवत नाही. थंड देशांतल्या मोटरहोमवाल्यांना हिवाळ्याआधी जे करावंच लागतं, त्या अर्ध्या दिवसाच्या कामाविषयी...

आपल्याकडे थंडी गुलाबी असते. कपाटातून हुडी बाहेर येते, टपरीवर चहा एकाचे दोन होतात, पहाटे सिंहगड चढून कांदाभजी खाल्ली की थंडी साजरी झाली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि ऊन वर आलं की तो पांढरा थर नाहीसाही होतो. घरातले नळ, पाइप, गच्चीवरची टाकी यांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे ‘थंडी येतेय, घरातलं पाणी थेंब न् थेंब काढून टाका’ असं कुणी सांगितलं, तर आपल्याला ती चेष्टाच वाटेल.

आता जरा कल्पना करा. तुम्ही एमएस करायला अमेरिकेत गेलायत, तेही मिशिगन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, हॉटन नावाच्या छोट्या गावात. शेजारी लेक सुपिरियर. या भागात एका मोसमात साधारण 200 इंच बर्फ पडतो. म्हणजे पाच मीटर, आपल्या इमारतीचा जवळपास दीड मजला. उन्हाळ्यात तुम्ही चौघा मित्रांनी कॉन्ट्री काढून एक जुनी मोटरहोम घेतली. आत दोन बेड, छोटं किचन, त्याहून छोटं बाथरूम. पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे बघून झाले, मॅकिनॅक ब्रिज ओलांडून झाला, रील्सना लाइक्सही बरे आले.

सप्टेंबर संपत येतो. एका संध्याकाळी फोनवर उद्याचं किमान तापमान दिसतं : 28. मुंबई-पुण्याच्या सवयीने तुम्ही म्हणता, ‘मस्त हवा आहे की!’ आणि झोपून जाता. पण ते 28 फॅरनहाइट आहे. पाणी 32 फॅरनहाइटला गोठतं. म्हणजे उद्या पहाटे बाहेर उणे दोन सेल्सिअस असणार आहे, आणि तुमच्या मोटरहोमच्या पाइपांत उन्हाळ्यातलं पाणी तसंच बसलेलं आहे.

नऊ टक्क्यांचा घोळ

फ्रीझरमध्ये पाण्याची काचेची बाटली विसरण्याचा पराक्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलेला असतो. कारण अकरावीच्या पुस्तकात असतं : बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी मात्र पसरतं. बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण 9 टक्क्यांनी वाढतं. एक लिटर पाण्याच्या बर्फाला जवळजवळ 1.09 लिटर जागा लागते. ती नाही मिळाली, तर तो करून घेतो.

पाइपमधली गंमत याहून थोडी वेगळी आहे. ती कळली की पुढचं सगळं काम कळतं. पाइप बर्फ झाला तिथेच फुटतो असं नाही. मध्ये कुठेतरी बर्फाचं बूच तयार होतं आणि ते वाढत जाताना पुढच्या पाण्याला बंद नळाकडे ढकलत राहतं. त्या पाण्याला पळायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि साखळीतली सगळ्यात कमजोर कडी हार मानते : एखादा सांधा, पंपाचं प्लास्टिकचं तोंड, टॉयलेटच्या मागचा छोटा व्हॉल्व्ह. हल्लीच्या मोटरहोममधले प्लास्टिकचे पाइप थोडे ताणले जातात आणि वाचतातही. त्यांचे जोड वाचतील याची खात्री नसते.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे नुकसान लगेच दिसत नाही. फुटलेल्या जागी बर्फच बूच बनून बसलेला असतो. जानेवारीत गाडी बघायला गेलात तर सगळं कोरडं, छान. वसंत ऋतूत बर्फ वितळतो, तुम्ही उत्साहाने पाण्याचा होज जोडता, आणि पाणी लाकडी भिंतीच्या मागे, बेडच्या खाली, फ्लोअरच्या आत कुठेतरी शांतपणे गळायला लागतं. ते बाहेर दिसेपर्यंत प्लायवूड फुगलेलं असतं. गोठल्यामुळे झालेलं असं नुकसान बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये धरलं जात नाही. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त ऑन-कॅम्पस काम करता येत नाही. त्या कमाईतून नवा गीझर आणि नवं फ्लोअर काढायचं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तिथल्या मोटरहोम बनतात तरी कुठे? इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव स्वतःला या गाड्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. विनेबागो ही प्रसिद्ध कंपनी आयोवा राज्यात सुरू झाली. दोन्हीकडचा हिवाळा कडाक्याचा. तरीही या गाड्या मुख्यतः उन्हाळी भटकंतीसाठी बांधलेल्या असतात. पातळ भिंती, गाडीच्या पोटाखालून गेलेले पाइप. हिवाळ्याची सोय मालकाने करायची.

पाण्याचा नकाशा

पाना हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या आणि गाडीतल्या पाण्याचा रस्ता काढा.

मोटरहोममध्ये साधारण तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची. तिसरी टॉयलेटची. स्वच्छ टाकीतलं पाणी 12 व्होल्टचा छोटा पंप ओढतो. पुढे रस्ता फुटतो : एक फाटा थेट गार नळांकडे, दुसरा गीझरमधून गरम नळांकडे. बऱ्याच गाड्यांमधला गीझर 6 गॅलनचा, म्हणजे साधारण 23 लिटरचा असतो. शिवाय बाहेरच्या बाजूला एक तोंड असतं, जिथे कॅम्पग्राउंडच्या नळाचा होज थेट जोडता येतो.

शहरात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना नळाच्या मागे काय आहे हे माहीतच नसतं. नळ सोडला, पाणी आलं, विषय संपला. मराठवाड्यात टँकरची वाट बघत, पिंप-घागरी मोजत वाढलेल्या मुलामुलींना मात्र हा नकाशा चटकन कळेल. किती पाणी, कुठे साठलंय, कुठून कुठे जातं, हा हिशोब त्यांच्या अंगवळणीच पडलेला असतो.

आधी रिकामं, मग गुलाबी

पहिली पायरी गीझरची. गॅस बंद, विजेचं बटणही बंद, आणि काही तास थांबा. गरम गीझरचं बूच काढलं तर उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. गार झाल्यावर आधी गरम पाण्याचा एखादा नळ उघडून दाब घालवा, मगच बूच काढा. काही गीझरच्या बुचालाच मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या स्टीलऐवजी ती स्वतः गंजत राहते. केमिस्ट्रीत वाचलेला ‘सॅक्रिफिशियल अॅनोड’ तो हाच. झिजून तार उरली असेल तर नवीन आणा. आणि रिकाम्या गीझरचं विजेचं बटण चुकूनही चालू करू नका. आतली कॉइल कोरडी तापली की जळते.

दुसरी पायरी टाक्यांची. सांडपाणी आणि टॉयलेटच्या टाक्या डम्प स्टेशनवरच रिकाम्या करायच्या, रस्त्याकडेच्या गटारात नाही. स्वच्छ पाण्याची टाकी गाडीखालच्या ड्रेनमधून सोडून द्या.

तिसरी पायरी पाइपांची. गाडीच्या तळाशी ‘लो पॉइंट ड्रेन’ असतात, बहुधा दोन : एक गारचा, एक गरमचा. ते उघडा आणि आतले सगळे नळही उघडे ठेवा, म्हणजे हवा आत शिरेल आणि पाणी खाली येईल. भरलेल्या स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबलं की ज्यूस खाली पडत नाही. बंद नळ तेच करतो. पंप काही सेकंद चालवून त्यातलं पाणीही काढा. फार वेळ कोरडा फिरवू नका.

काही जण इथे कॉम्प्रेसरची हवा मारून पाइप साफ करतात. पद्धत चांगली आहे, पण रेग्युलेटर लावून दाब 40 पीएसआयच्या आत ठेवायचा. कारच्या टायरमध्ये साधारण 30-35 असतो, यावरून अंदाज येईल. घाईत जास्त दाब दिलात, तर बर्फाने जे केलं असतं ते तुम्हीच करून मोकळे व्हाल.

एवढं करूनही आत पाणी राहतंच. पंपाच्या पोटात, पाइपच्या वळणात, व्हॉल्व्हच्या खाचेत. त्याच्यासाठी गुलाबी पाणी, म्हणजे आरव्ही अँटिफ्रीझ. याचे कॅन तिकडे हार्डवेअरच्या दुकानात आणि सुपरमार्केटमध्येही सहज मिळतात. मध्यम गाडीला दोन-तीन गॅलन पुरतात, पण एक अट आहे. गीझरला ‘बायपास’ करायला हवं. बायपासचा व्हॉल्व्ह फिरवला की पाणी गीझरमध्ये न जाता त्याला वळसा घालून पुढे जातं. हे विसरलात तर पहिले 6 गॅलन गुलाबी पाणी गीझरच गिळून टाकेल आणि तुम्ही ‘नळातून अजून काही येत का नाही’ म्हणून पुन्हा दुकानात जाल.

आता ड्रेन आणि नळ बंद करा. पंपाची ओढणारी नळी गुलाबी कॅनमध्ये बुडवा, पंप चालू करा. पंपाच्या सगळ्यात जवळचा नळ उघडा. आधी फुसफुस हवा, मग पाणी, मग फिकट, आणि मग चक्क रोझ सरबतासारखी धार. गार झालं की गरम. मग पुढचा नळ, शॉवर, टॉयलेटचा फ्लश. चार मित्र असतील तर एक जण कॅनपाशी, एक नळापाशी, एक ‘आलं का? आलं का?’ ओरडायला. चौथा शूटिंग करेलच!

हिरवं नको रे बाबा!

इथे एक गोष्ट गंभीरपणे वाचा. अँटिफ्रीझ म्हटलं की गाडीच्या रेडिएटरचं कूलंट आठवतं. गॅरेजमध्ये पडलेलंही असतं. ‘दोन्ही अँटिफ्रीझच ना, चालतंय की’ असं म्हणून ते पाण्याच्या पाइपांत घालू नका. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक अॅसिड होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जमिनीवर सांडलेलं कूलंट चाटून कुत्री-मांजरं दगावतात.

गुलाबी कॅनमध्ये असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते खाद्यपदार्थांत आणि औषधांतही वापरलं जातं. म्हणून ते प्यायचं असं नाही. पण पुढच्या वर्षी त्याच पाइपांतून चहाचं पाणी येणार आहे, तेव्हा हा फरक जीवन-मरणाचा ठरतो. फक्त रंगावर विसंबू नका, कूलंटही वेगवेगळ्या रंगांत मिळतं. कॅनवर ते पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेसाठी असल्याचं लिहिलंय का, ते वाचा.

ग्लायकॉल या शब्दाची जखम मुंबईलाही माहीत आहे. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. त्यात 14 रुग्णांचा जीव गेला आणि न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ते रसायन वेगळं होतं, पण याच कुटुंबातलं. दिसायला सारखं, नावातही सारखं, म्हणून ‘चालून जाईल’ म्हणायची सोय या कुटुंबात नाही.

गुलाबी कॅनवरचा आकडाही नीट समजून घ्या. बऱ्याच कॅनवर उणे 50 लिहिलेलं असतं. तेही फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे 46 सेल्सिअस. याचा अर्थ तोवर हे पाणी पातळच राहील असा नाही. त्याच्या बरंच आधी ते चौपाटीवरच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होतं. पण टणक बर्फासारखं फुगून पाइप फोडत नाही. मात्र पाइपांत उरलेलं साधं पाणी त्यात मिसळलं की ही ताकद कमी होते. आधी सगळं रिकामं का करायचं, त्याचं उत्तर हे आहे. पैसे वाचवायला त्यात पाणी घालणं तर नकोच.

विसरलेलं पाणी

सगळे नळ गुलाबी झाले, हात गारठले, पिझ्झा ऑर्डर करायची वेळ झाली. पण थांबा. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं, कारण उरलेल्या जागा डोळ्यांसमोर नसतात.

गाडीच्या बाहेरच्या बाजूला, एका छोट्या दारामागे, पाय धुवायचा शॉवर असतो. उन्हाळ्यात एकदाच वापरलेला, म्हणून लक्षातच राहत नाही. कॅम्पग्राउंडचा होज जोडायच्या तोंडात एक जाळी आणि उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या मागे पाणी अडकून राहतं. पंप बंद करा, नळ उघडून दाब घालवा, जाळी काढा आणि व्हॉल्व्ह हलकेच दाबा. तिथूनही गुलाबी थेंब आले की काम झालं. पाण्याच्या फिल्टरचं कार्ट्रिज काढून टाका. फ्रिजला बर्फ बनवणारं यंत्र असेल तर त्याचीही एक बारीक नळी असते.

आणि सिंकखालचा तो वाकडा पाइप. दुर्गंधी वर येऊ नये म्हणून त्याच्या वळणात मुद्दामच थोडं पाणी अडवलेलं असतं. प्रत्येक सिंकमध्ये आणि शॉवरच्या जाळीत कप-दोन कप गुलाबी पाणी ओता. टॉयलेटमध्येही थोडं राहू द्या, त्याचं रबर सुकत नाही.

हे सगळं मिळून किती पाणी? कपभर, फार तर तांब्याभर. टाकीतले दीडशे लिटर काढून टाकणं सोपं असतं, ते समोर दिसतात. गाडी खराब होते ती या न दिसणाऱ्या कपभर पाण्याने. म्हणून तो कागदावरचा नकाशा. काम झालं की त्यावर एकेक टिकमार्क करा. ‘बहुतेक केलंय’ या शब्दावर हिवाळा काढता येत नाही.

ज्यांना तिथेच राहायचंय

सगळेच गाडी बंद करून ठेवत नाहीत. ‘स्नोबर्ड्स’ म्हणून ओळखले जाणारे, बहुतेक निवृत्त लोक थंडी पडायच्या आत गाडी दक्षिणेला हाकतात. अॅरिझोनातल्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं छोटं गाव दर जानेवारीत मोटरहोम्सनी भरून जातं. काही जणांसाठी मात्र गाडी हेच एकमेव घर असतं. ‘नोमॅडलँड’ हा ऑस्करविजेता सिनेमा पाहिला असेल, तर अशी माणसं तुम्हाला आठवतील. गाडीतच हिवाळा काढणारे होजला विजेची हीटिंग टेप गुंडाळतात, गाडीखालून वारा जाऊ नये म्हणून भोवती कनात लावल्यासारखं आवरण लावतात, आणि तरीही रात्री उठून नळ तपासतात. छंद म्हणून गाडी घेणाऱ्याचा पाइप फुटला तर सुट्टी वाया जाते. यांचं घर मोडतं.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोकणात किंवा सह्याद्रीत फिरताना यातलं काहीच करावं लागणार नाही. पण इथूनच निघून जानेवारीत स्पिती किंवा लडाख गाठायचे बेत तुमच्याही ग्रुपवर शिजत असतील. तिथे उणे 20 नवीन नाही आणि पाणी असलेला कॅम्पर तिथे जसाच्या तसा नेता येत नाही. लडाखी घरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. त्यांच्या पारंपरिक शौचालयात पाणीच नसतं. वरून माती टाकायची, खाली खत तयार होतं. जिथे पाइपच नाही, तिथे फुटणार काय?

मार्च संपताना

बर्फ ओसरला की उलटा प्रवास. गुलाबी पाणी ताज्या पाण्याने धुऊन काढायचं. शेवटी थोडा फेस येईल, घाबरू नका. फिल्टर अजून बसवायचा नाही, पण बायपास पूर्ववत करायचा. मग टाकी निर्जंतुक करायची : दर 15 गॅलनला, म्हणजे साधारण 57 लिटरला, पाव कप साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच पाण्यात मिसळून टाकीत घालायचं, सगळ्या नळांपर्यंत खेळवायचं, सुमारे 12 तास ठेवायचं, आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. त्यानंतर फिल्टर. गीझर पाण्याने भरल्याशिवाय त्याचं बटण दाबायचं नाही. आणि मग पहिल्यांदा पंप चालू करून, सगळे नळ बंद ठेवून, काही मिनिटं शांत बसायचं. सगळं ठीक असेल तर पंप आपोआप थांबतो आणि थांबलेलाच राहतो. मध्येच पुन्हा घुर्र करून सुरू झाला, तर कुठेतरी गळतंय.

तो पंप गप्प राहिला की समजायचं, ऑक्टोबरातला तो रविवार सार्थकी लागला. त्याची रील कुणी बघणार नाही. पण जूनमध्ये लेक सुपिरियरच्या काठावर गाडी लावून नळ सोडाल, पाणी येईल आणि कॉफी होईल. त्या कॉफीची रील मात्र जरूर टाका!

निघण्याआधी एकदा तपासा

• फोनवरचं तापमान फॅरनहाइटमध्ये आहे का? धोक्याचा आकडा 32.
• गीझर बंद, गार, रिकामा आणि बायपास.
• तिन्ही टाक्या रिकाम्या. दोन्ही लो पॉइंट ड्रेन उघडून पाणी काढलं.
• प्रत्येक नळाला गुलाबी धार, गार आणि गरम दोन्ही.
• बाहेरचा शॉवर, होजचं तोंड, फिल्टर, सिंकखालची वळणं.
• रेडिएटरचं कूलंट पाण्याच्या पाइपात कधीच नाही.
• गीझरच्या बटणावर चिठ्ठी : ‘पाणी नाही, चालू करू नये.’